आलेखातली हिरवी दरी

हरितद्रव्याच्या प्रकाशशोषणाचा आलेख आपण वर्गात नेहमी दाखवतो. निळ्या व तांबड्या भागात उंच शिखरे, मध्ये हिरव्या भागात खोल दरी. लगेच सांगूनही टाकतो, 'हिरवा प्रकाश वनस्पतींना निरुपयोगी.' घरातल्या कुंड्यांसाठी विकले जाणारे जांभळे एलईडी दिवे याच समजुतीवर खपतात.

आलेख खरा आहे. पण तो पानाचा नाही, पानातून काढून द्रावकात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा आहे. अखंड पानात प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, त्याचा मार्ग लांबतो आणि बराचसा हिरवा प्रकाशही शोषला जातो. कीथ मॅक्री यांनी १९७२ साली २२ पिकांच्या पानांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. तांबडा प्रकाश सर्वांत प्रभावी ठरला. हिरवाही उपयोगी पडत होता.

जांभळ्या दिव्याखाली झाड वाढत नाही असे नव्हे. पण त्या उजेडात पिवळे पडलेले पान ओळखू येत नाही. साधा पांढरा दिवाही चालतो. प्रश्न रंगापेक्षा प्रमाणाचा आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, दिवाणखान्यात रात्री शे-दोनशे. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून हा फरक जाणवत नाही; झाडाला मात्र उपासमार घडते. म्हणून दिवा झाडाजवळ हवा आणि रोज दहा-बारा तास हवा.

आलेख फळ्यावर जरूर काढावा. मात्र खाली 'हे मोजमाप कशाचे?' हा प्रश्नही लिहावा. तेवढ्याने विद्यार्थी जाहिरातही तपासून वाचू लागतील.