मेड्यूसाची जट

नेरूळला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर मंगळवारी एक जोगतीण येते. हातात परडी, कपाळभर भंडारा आणि डोक्यावर मनगटाएवढी जाड जट. ती पाहिली की मला ग्रीकांची मेड्यूसा आठवते, आणि आपण तिची गोष्ट किती अर्धवट वाचली आहे तेही.

सापांच्या केसांची, पाहणाऱ्याचा दगड करणारी राक्षसीण एवढीच तिची ओळख आपल्याकडे पोचली. हेसिअडच्या 'थिऑगनी'त तिच्या केसांत सापच नाहीत. तीन गॉर्गन बहिणींत ती एकटी मर्त्य आहे. साप का आले ते रोमन कवी ओव्हिड सांगतो. समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या देवळात तिच्यावर बळजबरी केली आणि देवीने शिक्षा केली ती तिलाच! पुढे पर्सियसने कापलेले तेच मस्तक ग्रीकांची अथेना, म्हणजे हीच देवी, संरक्षणासाठी छातीवर मिरवते.

फ्रॉइडने या मस्तकावर 1922मध्ये टिपण लिहिले, पण त्यात भीती आहे ती पाहणाऱ्या पुरुषाची. डोके जिचे, तिला विचारतो कोण? गणनाथ ओबेयसेकेरे यांनी विचारले. श्रीलंकेतल्या कतरगामच्या जटाधारी भक्तिणींवरच्या त्यांच्या 'मेड्यूसाज हेअर' (1981) या पुस्तकात त्या बायकांची आयुष्ये आहेत. मला मात्र तिथे मन फार आणि गाव कमी दिसते.

गाव दिसते ते राजन गवस यांच्या 'चौंडकं'मध्ये. या कादंबरीवर आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' कथेवर 'जोगवा' (2009) हा चित्रपट आला. त्यात सुलीच्या केसांत जट निघते आणि ती यल्लम्माची होते. न विंचरलेले केस गुंततात, इतकीच खरी गोष्ट. पण देवीचा कौल म्हटला की फणी बंद, आणि जट वाढतच जाते. ओव्हिडकडे आधी अत्याचार, मग साप. आपल्याकडे आधी जट, मग अत्याचाराला मोकळी वाट. आणि दगड कोणाचाच होत नाही. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला 2005मध्ये. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी समजूत घालून जटा कापतात.

गेल्या मंगळवारी न राहवून विचारले, "मावशी, मान दुखत नाही?"

"दुखती की. रातचं उशाला घेऊन झोपायचं," ती म्हणाली आणि परडी पुढे केली.