अभिजनसत्ता : व्याख्या आणि व्यवहार

मराठीतील राज्यशास्त्रीय लेखनात ‘उमरावशाही’ व ‘अभिजनसत्ता’ हे शब्द अनेकदा समानार्थी योजले जातात. वस्तुतः पहिला शब्द सामाजिक वर्गाकडे, तर दुसरा शासनप्रकाराकडे निर्देश करतो. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये गुणश्रेष्ठ अशा मोजक्यांनी सर्वहितासाठी चालविलेल्या राज्यास अभिजनसत्ता म्हटले, धनिकांनी स्वहितासाठी चालविलेली ती अल्पजनसत्ता. येथे निर्णायक निकष गुण हा आहे, कूळ नव्हे.

व्हेनिसच्या इतिहासात मात्र हा निकष टिकलेला दिसत नाही. १२९७ पासून तेथील महापरिषदेचे सदस्यत्व प्रस्थापित घराण्यांपुरते सीमित होत गेले. १५०६ पासून उमराव घराण्यांतील जन्मांची अधिकृत नोंद होऊ लागली. पुढे १६४५ मध्ये सुरू झालेल्या क्रीटच्या युद्धाचा खर्च भागविण्यासाठी एक लाख डुकॅट देणाऱ्या घराण्यांना याच वर्गात प्रवेश मिळाला. गुणाची जागा प्रथम जन्माने व नंतर द्रव्यानेही घेतली. श्रेष्ठत्वाचा दावा मात्र १७९७ मध्ये प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत कायम राहिला.

म्हणून ही संज्ञा शिकविताना श्रेष्ठत्व कोणी व कोणत्या निकषावर ठरविले, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक ठरते. अन्यथा विशेषाधिकाराचे वर्णन करणारा शब्दच त्याचे समर्थन करू लागतो.