शून्य रोध पुरेसा नाही: बिस्मथचा पेपर वाचताना

आमच्या जालन्यात चुंबक म्हणजे स्टीलच्या कारखान्यात भंगार उचलणारा. ओढतो तो चुंबक, हीच समजूत घेऊन मी संशोधनात आलो. अतिवाहक नेमकं उलटं करतो: चुंबकीय क्षेत्र आपल्या पोटातून बाहेर ढकलतो. हा माइस्नर परिणाम. नुसता शून्य रोध दाखवून भागत नाही, कारण नमुन्यात अतिवाहक अशुद्धीची एखादी सलग रेघ असली तरी वीज तिच्यातून विनारोध निघून जाते. म्हणून चुंबकीय मोजमाप लागतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांचा पेपर २०१७ साली 'सायन्स'मध्ये आला. दावा असा, की शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिवाहक होतो. बिस्मथमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन लाख अणूंमागे जेमतेम एक. त्यामुळे नेहमीचा बीसीएस सिद्धान्त इथे अपुरा पडतो.

पेपरची खरी ताकद मला दिसते ती क्षेत्र आवरण्यात. ही अतिवाहकता मोडायला सुमारे ५.२ मायक्रोटेस्ला पुरतात, आणि पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला! कवच नसतं तर नमुना कितीही थंड करा, हाती काही लागलं नसतं.

दुसरी गोष्ट: बिस्मथ एरवीही चुंबकाला किंचित दूर लोटतो. मग पुरावा कशाला म्हणायचं? ठरावीक तापमानाला अचानक आणि कितीतरी पटींनी वाढणाऱ्या प्रतिसादाला. २०२३ मध्ये एलके-९९ चा तुकडा अर्धवट तरंगताना पाहून अनेकजण हुरळले, ते नेमके इथेच चुकले.

माझी तक्रार एकच. शीर्षकात 'पूर्ण घनातली' अतिवाहकता म्हटलंय, पण मुख्य भार चुंबकीय मोजमापावर आहे. पृष्ठभागावरचा अतिवाहक थरसुद्धा आतल्या भागाला झाकू शकतो. विशिष्ट उष्म्यातली उडी सोबत असती तर दावा आणखी भक्कम झाला असता. अर्थात इतक्या थंडीत ती मोजणं महाकठीण, हेही मान्य. शिवाय शीर्षकात 'सिद्धता' नाही, 'पुरावा' आहे. हा संयम मला आवडला.

तेव्हा असा पेपर हातात आला की आलेखाआधी तीन प्रश्न विचारा: नमुना थंड करताना क्षेत्र किती होतं? कवच कोणतं होतं? आणि प्रतिसाद नमुन्याच्या किती भागातून आला? उत्तरं सापडली नाहीत, तर नुसत्या सुंदर आलेखाला भुलू नका.