अश्लीलतेचे माप आणि कोयत्यावरची बाई

बीड जिल्ह्यात ‘बहात्तर’ म्हटले की पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. त्या दुष्काळाने माणसे खडी फोडायला लावली आणि ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या मुलखाकडे जाणारी वाट रुंद केली. मात्र १९७२ हे साल मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. स्त्रीच्या देहाकडे मराठी समाज कोणत्या नजरेने पाहतो, याची साक्ष देणाऱ्या तीन घटना त्याच एका वर्षातल्या आहेत.

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ त्या वर्षी आला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आणि आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली, तीही त्याच वर्षी. ‘पिंजरा’ सहकुटुंब पाहिला गेला. ‘गोलपिठा’तील भाषेने मात्र सभ्य वाचकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ब्राह्मणगावच्या प्रकरणावर राजा ढाले यांनी १५ ऑगस्टच्या ‘साधना’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीचे लुगडे फेडण्याची शिक्षा यांची तुलना त्यांनी केली, तेव्हा गहजब झाला तो लेखातील शब्दांवर. ज्या कृत्याविषयी लेख होता, त्या कृत्यावर तेवढा संताप उसळला नाही.

म्हणजे तमाशातल्या बाईचा देह पडद्यावर नाचला तर ती कला ठरते. वेश्यावस्तीतले जगणे कवितेत आले तर ती अश्लीलता ठरते. आणि दलित बाईला भर गावात नागवले तर ती एक ‘घटना’ ठरते. ही मापे एकाच समाजाच्या हातातली आहेत. जाहिराती, सिनेमा आणि आजची मोबाईलवरची चित्रफीत यांचा विचार करताना हे माप प्रथम तपासले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

‘पिंजरा’ची कथा मुळात ‘द ब्लू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटावरून आलेली आहे. पण मराठी मातीत ती इतकी सहज रुजली, याचे कारण जमीन तयार होती. आदर्श शिक्षक तमाशातल्या बाईच्या नादी लागतो आणि धुळीस मिळतो. प्रेक्षक दोन घटका त्या बाईच्या नाचाचा आस्वाद घेतो आणि शेवटी मास्तरसाठी हळहळतो. भोग त्याचा, दोष तिचा. शांतारामांचे दिग्दर्शन आणि श्रीराम लागूंचा अभिनय यांचे मोल मी कमी करीत नाही. परंतु ती बाई फडावर का आली, तिची जात कोणती, तिच्या कमाईवर किती तोंडे जगतात, हे प्रश्न मास्तरच्या शोकांतिकेखाली दडपले गेले, हेही सांगितले पाहिजे.

लावणी सादर करणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आल्या. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंतांवर लिहिताना एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. खालच्या मानलेल्या जातींतील स्त्री सदैव कामातुर व सदैव उपलब्ध असते, ही प्रतिमा लावणीतून घडवली गेली, आणि त्या प्रतिमेचा तिच्या श्रमाच्या लुटीशी संबंध होता. पेशवाईत बटकी-कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, हे लक्षात घेतले की हा संबंध कळायला अवघड जात नाही. जिचे श्रम फुकट घ्यायचे, तिची अब्रू आधी फुकट ठरवावी लागते. कोल्हाटी समाजातील बाईला या व्यवस्थेत काय भोगावे लागते, ते किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ च्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मुलाच्या नजरेतून सांगितले आहे. चित्रपटाने नऊवारी, घुंगरू आणि डोळ्यांचा इशारा तेवढा उचलला. शांताबाईचे जगणे त्याने मागे ठेवले.

जाहिरातीने हेच काम अधिक सफाईने केले. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आले आणि गोरेपणा म्हणजे नोकरी, गोरेपणा म्हणजे नवरा, असे त्याच्या जाहिराती वर्षानुवर्षे शिकवीत राहिल्या. २०२० मध्ये नावातले ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. पाटी बदलली, पण उन्हात राबणाऱ्या बाईच्या कातडीविषयी जी घृणा पेरली गेली ती उपटली गेली नाही.

याविरुद्ध कायदा नाही असे नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा १९८६ मध्ये झाला. त्यात स्त्रीची मानखंडना करणारे चित्रणही येते. पण आपल्याकडे बोभाटा होतो तो कपड्यांचा. १९९५ मध्ये एका बुटाच्या जाहिरातीत मधू सप्रे व मिलिंद सोमण विवस्त्र आणि अंगावर अजगर अशा रूपात दिसले. खटला चौदा वर्षे रेंगाळला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. गोरेपणाच्या जाहिरातीतली मुलगी मात्र अंगभर कपड्यांत होती. तिच्यामुळे संस्कृती बुडाली असे म्हणत कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. महिला संघटनांनी तक्रारी केल्या, एवढेच.

डान्सबारचे उदाहरण याहून बोलके आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने बारमधील नाचावर बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना सूट दिली. गरीब बाईचा नाच समाज बिघडवतो आणि श्रीमंतांच्या हॉटेलातला नाच बिघडवत नाही, असा त्याचा अर्थ झाला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बारमधील नाच म्हणजे स्त्रीमुक्ती, असे मी मुळीच म्हणत नाही. पण बाईला पर्यायी भाकरी न देता तिचा नाच बंद करणारी नीती ही बाईच्या हिताची नीती नव्हे. ती बघणाऱ्याच्या प्रतिष्ठेची नीती आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, फेडते मात्र दोघांचे अंग. बाई पहाटे उठून कोपीत भाकरी थापते, दिवसभर पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. त्या ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लावणी म्हणून खपवले जाणारे एखादे गाणे मोठ्याने वाजत असते. गाण्यातली बाई गावरान, रसरशीत, खुणावणारी. ट्रॉलीवरची बाई घामाने आणि कुसळांनी माखलेली. गाण्यातली सर्वांना दिसते, ट्रॉलीवरची कोणालाच दिसत नाही.

पाळीच्या कापडाच्या जाहिराती पाहा. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतील मुलगी उड्या मारते. रक्ताच्या जागी निळे पाणी ओतले जाते. चार दिवसांची चिंता मिटली, असे आश्वासन मिळते. फडात पाणी नाही, आडोसा नाही आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशये काढण्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यांत वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा अनेक जातींच्या बायका आहेत. त्यामागे दुखण्याकडे झालेले दुर्लक्ष होते, डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती होती आणि खाड्याचा धाकही होता. जाहिरात जिला चार दिवसांची मोकळीक विकते, तिच्याच काळातली ही बाई पाळीसकट गर्भाशय देऊन मोकळी होते. याहून अश्लील चित्र कोणते? पण ते कोणत्याही फलकावर लागत नाही.

म्हणून प्रश्न केवळ देह दाखवण्याचा नाही. प्रस्थापित माध्यमे कष्टकरी जातींच्या बाईशी दोनच तऱ्हांनी वागतात. नाचणारी असेल तर तिचा देहच तेवढा दाखवतात, राबणारी असेल तर तिला दाखवतच नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच अवहेलनेच्या दोन बाजू आहेत.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले तेव्हा त्यांनी ते नाकारले, कारण तो पैसा अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये ते मुरळ्या, जोगतिणी, देवदासींशी बोलले. त्यांचे शब्द कठोर होते, पण ते त्या स्त्रियांच्या पाठीमागे न बोलता तोंडावर, आपल्या माणसांशी बोलावे तसे बोलले. तिला नाकारून तिची कला चोरायची, ही प्रस्थापितांची रीत. बाबासाहेबांनी तिच्या शोषणाचा पैसा नाकारला आणि तिला चळवळीत बोलावले.

आपण काय करतो? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर कोणती गाणी वाजतात आणि पोरे कोणत्या हावभावांनी नाचतात, हे प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याला माहीत आहे. वर्गणीच्या पैशातून आपण आपल्याच आया-बहिणींची टवाळी विकत घेत असू, तर दामोदर हॉलमधले ते भाषण अजून आपल्या कानांपर्यंत पोचलेले नाही. इतरांच्या जाहिरातीवर बोट ठेवण्याचा अधिकार आधी आपल्या मंडपात कमवावा लागतो.

शिक्षकांनी वर्गात, कार्यकर्त्यांनी अभ्यासवर्गात एखादी जाहिरात, एखादे गाणे समोर ठेवावे आणि तीन प्रश्न विचारावेत. यातल्या बाईचे कष्ट कुठे गेले? तिच्या देहावर नफा कोण कमावतो? आणि तिला स्वतः बोलायचे असते तर ती हेच बोलली असती काय? कपडा किती होता, हा प्रश्न चौथाही नाही. तो संस्कृतिरक्षकांकडे राहू द्यावा. आपले माप बाईच्या माणूसपणाचे असले पाहिजे, आणि ते फडावर नाचणाऱ्या बाईला व फडात राबणाऱ्या बाईला सारखेच लागू झाले पाहिजे.