‘विषारी’ हे विशेषण आणि धातूंचे अब्जांश कण

धातूंपासून घडविलेल्या अब्जांश कणांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘हे कण विषारी आहेत’ किंवा ‘हे कण निर्धोक आहेत’ असे एखादे विधान बहुधा आढळते. व्याकरणदृष्ट्या ही विधाने पूर्ण होत. शास्त्रदृष्ट्या ती अपुरी आहेत. विशेषणामुळे गुण पदार्थाच्या ठायी कायमचा वसतो असे सूचित होते. विषाक्तता हा मात्र पदार्थाचा गुण नसून संबंध होय. कोणता कण, किती मात्रेत, कोणत्या मार्गाने, किती काळ आणि कोणत्या पेशीवर, हे सांगितल्याखेरीज तिच्याविषयीचे विधान पुरे होत नाही.

याचे बोलके उदाहरण पणदरे ज्या तालुक्यात आहे त्या बारामती तालुक्यातच मिळते. माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिची स्थापना २००९ मधील. तेथील नीरज कुमार व त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये पंगासियस माशावर साधे सेलेनियम आणि अब्जांश सेलेनियम यांची तुलना प्रसिद्ध केली. सेलेनियम हे काटेकोर अर्थाने धातू नव्हे. तथापि परीक्षणाचा प्रश्न धातुकणांच्या बाबतीतही तोच राहतो. ९६ तासांत निम्मे मासे मरण्यास साध्या रूपाचे लिटरमागे ५.२९ मिलिग्रॅम, तर अब्जांश रूपाचे ३.९७ मिलिग्रॅम पुरेसे ठरले. एवढ्यावरून ‘विषारी’ असा निकाल देणे सोपे होते. परंतु याच संशोधकांनी २०१७ मध्ये असेही दाखविले होते की, खाद्यातून अल्प मात्रेत दिलेले सेलेनियमचे अब्जांश कण शिसे आणि उष्णता यांच्या ताणात माशाच्या पेशींचे रक्षण करतात. मात्रा आणि मार्ग बदलताच विशेषण उलटले.

दोन्ही रूपे एकाच माशावर शेजारी शेजारी तपासली, आणि मृत्यूची गणना करून न थांबता विकरे व ऊती यांतील बदलही पाहिले, हे २०१८ च्या अभ्यासाचे खरे मोल होय. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. चार दिवसांच्या तीव्र मात्रेवरून दीर्घकालीन अल्प मात्रेचा निष्कर्ष निघत नाही.

धातुकणांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जस्ताच्या ऑक्साइडचे कण पाण्यात आणि विशेषतः पेशीतील आम्लधर्मी पोकळ्यांत विरघळून जस्ताचे आयन सोडतात. मग पेशी मरते ती कणामुळे की आयनांमुळे? तितक्याच जस्ताच्या विद्राव्य क्षाराशी तुलना केल्यावाचून या क्रियेचा कर्ता ठरत नाही. शिवाय पेशींची जिवंतता रंगद्रव्याने मोजताना काही कण त्या रंगातच ढवळाढवळ करतात. यास्तव पेशीविरहित चाचणीही आवश्यक ठरते. ही दोन नियंत्रणे नसलेल्या प्रयोगाचा आकडा कितीही नेमका दिसला तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने द्रवरूप नॅनो जस्त व नॅनो तांबे या खतांना मान्यता दिली. ती फवारणाऱ्याला ‘सुरक्षित’ किंवा ‘घातक’ या एका शब्दाचा उपयोग थोडा. किती पाण्यात किती, कोणत्या पिकावर, किती वेळा, आणि उरलेले पाणी मत्स्यतळ्यात गेल्यास काय, हे त्याला कळावयास हवे. मराठी शास्त्रीय गद्याने येथे विशेषणाचा मोह आवरून पूर्ण वाक्य लिहावे, हीच त्याची पहिली जबाबदारी होय.