संदेशांतील चिन्हें आणि ‘विनंति विशेष’

मोबाईलवरील संदेशांत शब्दांच्या जागीं हंसरे चेहरे, जोडलेले हात, फुलें आणि ध्वज आलेले पाहून आपल्याकडे दोन पक्ष झाले आहेत. एक पक्ष भाषेचा अंतकाळ जवळ आला असें म्हणतो. दुसरा पक्ष, साऱ्या जगास समजेल अशी चित्रलिपि अवतरली म्हणून आनंद मानतो. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं आपल्याच घरांतील जुनीं पत्रें नीट पाहिलेलीं नाहींत.

मराठी पत्रलेखन पूर्वींपासून खुणांनीं भरलेलें होतें. माथ्यावर ‘श्री’, त्याखालीं वडिलांस ‘ती.’, धाकट्यांस ‘चि.’, सुवासिनीस ‘सौ.’, विधवेस ‘गं. भा.’, आणि मग ‘सा. न. वि. वि.’ लग्नपत्रिकेस हळदकुंकवाचें बोट लागे. आणि ज्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, तें वाचून होण्यापूर्वींच घरांत रडें सुरू होई. शब्दांच्या आधीं भाव पोंचविण्याची ही युक्ति आपल्याला कोणी परक्यानें शिकविलेली नाहीं. आतां परकेपणाचाच आक्षेप घ्यावयाचा, तर तो विरामचिन्हांवरहि येतो. मोडी लेखनांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह हीं इंग्रजी वळणानें आलीं, आणि १९ व्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांनीं तीं मराठी गद्यांत रुजविण्यासाठीं परिश्रम केले. आज भाषेच्या शुद्धतेसाठीं लढणारा गृहस्थहि आपला संताप त्याच परकीय उद्गारचिन्हानें व्यक्त करितो!

चेहऱ्यांच्या चिन्हांचा जन्महि अशाच एका गरजेंतून झाला. कागदावर आवाज उमटत नाहीं, म्हणून थट्टा कोणती व गंभीर बोलणें कोणतें हें कळत नाहीं. ही अडचण दूर व्हावी म्हणून १९८२ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे स्कॉट फालमन यांनीं अपूर्णविराम, संयोगरेषा व कंस यांचा आडवा हंसरा चेहरा सुचविला. १९९९ सालीं जपानांत शिगेताका कुरिता यांनीं एका दूरध्वनि कंपनीसाठीं १७६ छोटीं चित्रें तयार केलीं. आणि २०१० सालीं अशा शेंकडों चित्रांना संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत स्थान मिळालें. तेव्हांपासून तीं साऱ्या जगाच्या हातीं आलीं.

परंतु तयार चित्रें घेणें निराळें आणि आपल्या लिपींतून खूण घडविणें निराळें. कोरियन लोकांनीं हें दुसरें काम मोठ्या कौशल्यानें केलें आहे. त्यांच्या लिपींतील ‘ख’सारख्या उच्चाराचें एक व्यंजन ते ओळीनें अनेकदां लिहितात, आणि तें हसूं होतें. तेंच अक्षर एकदांच लिहिलें तर तुटक व कोरडें वाटतें. आडव्या रेघेखालीं दोन उभ्या रेघा असलेला त्यांचा एक स्वर आहे. मिटलेल्या डोळ्यांतून आंसवें ओघळावीं तसा तो दिसतो, म्हणून रडण्यासाठीं तोच योजिला आहे. मराठींत हसण्याची श्रीमंती थोडी नाहीं. खुदकन, फिदीफिदी, खदखदां, गालांतल्या गालांत, कुत्सितपणें, पोट धरून: या प्रत्येक हसण्याचा माणूस निराळा आणि प्रसंगहि निराळा. हीं सारीं हसणीं एकाच पिवळ्या चेहऱ्यांत कोंबलीं, तर नुकसान होतें तें आपल्या निवडीचें. लांबवून लिहिलेला ‘हाहाहा’ किंवा ‘अरेरेरे’ यांत निदान लिहिणाराचा श्वास तरी ऐकूं येतो.

या प्रश्नाची खरी परीक्षा मुळशीसारख्या तालुक्यांत होते. एका टोंकास हिंजवडीचें संगणकनगर, दुसऱ्या टोंकास ताम्हिणी घाट, आणि मधल्या गांवांतून मुंबई-पुण्यास पोटासाठीं गेलेलीं माणसें. पूर्वीं जें नातें कार्डानें टिकविलें, तें आतां भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टिकतें. तेथें जोडलेल्या हातांचें राज्य आहे. जपानांत तें चिन्ह विनंति व आभार यांसाठीं वापरतात. आपण त्यांत नमस्कार पाहिला, आणि तो योग्यच पाहिला. चुलत्यांस नुसतें ‘बरं’ लिहिणें उद्धट दिसतें. पुढें हात जोडले कीं अदब राखली जाते. एवढ्यापुरतें हें चिन्ह ‘ती.’ आणि ‘सा. न.’ यांचें वारसदार आहे. ज्यास लिहिण्याचा सराव नाहीं त्यालाहि चारचौघांत उभें राहण्याचें बळ तें देतें. त्याची टर उडविणें आम्हांस शोभणार नाहीं.

पण घरांत कोणी वारलें म्हणजे हेंच चिन्ह उणें पडतें. बातमी येतांच जोडलेल्या हातांची रांग लागते. शंभर माणसें येऊन गेलीं तरी कोण काय बोललें हें दुःखितास आठवत नाहीं, कारण कोणीच कांहीं बोललेलें नसतें. ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’ हे शब्दहि याच दोषाचे धनी आहेत. शब्द असल्यानें त्यांत भाव आला असें होत नाहीं.

चिन्ह म्हणून तें मुकें असतें असें मात्र नव्हे. याच मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगांव भागांतून मुंबईचे डबेवाले गेले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं आरंभिलेल्या या व्यवसायांत डब्यावर रंग, अक्षरें आणि आंकडे घालतात. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत, कितव्या मजल्यावर, हें त्या चार खुणांत सांठविलेलें असतें. शाळेंत फारसें न गेलेल्या माणसांनीं ही खूण सांभाळली, कारण ती चुकली तर कोणी एक माणूस उपाशी राहील हें ते जाणत होते. त्यांच्या खुणेस पत्ता आहे. शोकसंदेशांतील हातांस तो नाहीं. तेच हात त्याच दिवशीं दहा घरीं जातात, आणि कोणत्याच घरचे नसतात.

जुन्या पत्रांतील ‘सा. न. वि. वि.’ ही देखील झिजलेलीच नाणीं होतीं. परंतु त्यांतील अखेरचें अक्षर ‘विशेष’ असें होतें: नमस्कार झाला, आतां तुम्हांसच सांगावयाचें तें पुढें आहे, असा त्याचा अर्थ. नव्या लेखनांत नमस्कार राहिला आणि विशेष गळालें, एवढीच आमची तक्रार आहे. हात अवश्य जोडावेत. पण त्यांच्यापुढें एक वाक्य असें लिहावें, कीं जें दुसऱ्या कोणत्याहि घरीं पाठवितां येणार नाहीं. ‘आत्या आमच्या खाचरांत भात लावायला आल्या होत्या, तेव्हां त्यांनींच मला मूठ धरायला शिकविलें.’ शुद्धलेखन चुकलें तरी चालेल. तें वाक्य त्या घरांत पुन्हां पुन्हां वाचलें जाईल.