दुःखाचा हिशेब मांडणारा वर्ग

युद्ध संपले की राज्यकर्ते तह करतात, सैनिक घरी परततात. पण पोरांच्या मनातले युद्ध कोणी संपवायचे? हे काम बहुधा भाषेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याने गोड गोष्टी सांगाव्यात, आशेच्या कविता पाठ करून घ्याव्यात, मुलांना दुःख विसरायला लावावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. या सांत्वनवादी कल्पनेला सुरुंग लावणारे एक पुस्तक १९५१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘यामाबिको गाक्को’, म्हणजे प्रतिध्वनीची शाळा. यामागाता प्रांतातील यामामोतो या डोंगरी खेड्यातल्या ४३ मुलामुलींच्या वर्गाचे निबंध आणि कविता त्यात आहेत. त्यांचे शिक्षक मुचाकु सेइक्यो १९४८ साली त्या शाळेत आले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. १९५३ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

या पुस्तकाचे मोल कळण्यासाठी १९४५ सालचा जपानी वर्ग डोळ्यांसमोर आणला पाहिजे. पराभवानंतर मुलांनी आपल्याच पाठ्यपुस्तकांतील युद्धाचा गौरव करणाऱ्या ओळी शाईने काळ्या केल्या. काल जे तोंडपाठ केले ते आज त्याच शिक्षकाच्या सांगण्यावरून पुसायचे! अशा मुलाचा शब्दावर विश्वास कसा बसावा? मुलांना स्वतःचे जगणे लिहायला लावणारी शिक्षकांची एक चळवळ तिथे युद्धाआधीपासून होती. १९४० पासून सरकारने तिच्यातल्या अनेक शिक्षकांना तुरुंगात टाकले. गरिबाचे पोर घरची स्थिती खरी लिहू लागले की ते सत्तेला सलते, हे सरकारने ओळखले होते. मुचाकुंनी तीच मोडलेली वाट पुन्हा धरली. त्यांची शाळा गवती छपराची. तिच्यात नकाशा नाही, प्रयोगाचे साहित्य नाही, फाटक्या कागदी दारांतून बर्फाचे वारे आत येई.

संग्रहातला सर्वात गाजलेला निबंध एगुची कोइचि या मुलाचा आहे. विषय आईचा मृत्यू आणि त्यानंतरचे दिवस. वडील आधीच गेलेले, जमीन तीन तान, म्हणजे सुमारे पाऊण एकर. मध्यमवर्गीय वाचक इथे अश्रूंची वाट पाहतो. कोइचि मात्र हिशेब मांडतो. तंबाखूचे पैसे किती आले, खर्च किती झाला, कर्ज किती उरले. आई जन्मभर राबली, तरी गरिबी का सुटली नाही? पुढे तो स्वतःलाच विचारतो की, मी पैसे साठवून शेत घेतले, तर ते विकणारा माझ्यासारखाच दरिद्री होणार नाही काय? मला हा प्रश्न या पुस्तकाचा गाभा वाटतो. आपले दुःख म्हणजे आपले नशीब नव्हे, त्यामागे एक व्यवस्था आहे, हे कळले की मूल एकटे राहत नाही. मुचाकुंनी त्याला कामांचे वेळापत्रक मांडायला लावले. ते पाहून वर्गमित्र त्याच्या कामाला हात लावायला निघाले, का तर त्याची शाळा सुटू नये. मानसिक आधार म्हणतात तो हाच. निबंध तपासून संपत नाही. तो वर्गाला कामाला लावतो.

परंतु पुढे जे घडले तेही आपण पाहिले पाहिजे. १९५० साली या निबंधाला शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. १९५२ साली पुस्तकावर चित्रपट निघाला. ज्या व्यवस्थेला मुलाने प्रश्न केला तिनेच त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि प्रश्न बाजूला पडून अनाथाचे धैर्य तेवढे उरले. गावाला मात्र आपली गरिबी चव्हाट्यावर आल्याचे शल्य लागले. १९५४ साली मुचाकु गाव सोडून तोकियोला गेले. वेदना ज्यांची, तिचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच, हे या प्रकरणातून शिकायचे.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. निबंध लिहिण्यासाठी मूल वर्गात तर हवे! ज्यांना जपानी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानले त्या बुराकू वस्त्यांतील मुले युद्धानंतर मोठ्या संख्येने शाळेबाहेर होती. कोची प्रांतात १९५० पासून खास शिक्षक नेमले गेले. ते घरोघर जाऊन या मुलांना शोधत. त्यांच्या अनुभवांचे पुस्तक १९५४ साली आले. त्याच्या नावाचा अर्थ असा की, आजही ते मूल बाकावर नाही. १९६१ साली त्याच प्रांतातल्या नागाहामा येथे बुराकू मातांनी पाठ्यपुस्तके मोफत मिळावीत म्हणून लढा उभारला, आणि १९६३ च्या कायद्याने ती देशभर मोफत होऊ लागली. म्हणजे रिकामा बाक हाही भाषेच्या शिक्षकाने वाचायचा मजकूर आहे.

आमच्या पहिल्या शिकलेल्या पिढीने ‘माझी आई’ या निबंधात अंगणात रांगोळी घालणारी आई लिहिली, कारण मार्क तिलाच होते. दुसऱ्याच्या बांधावर निंदायला जाणारी आई वहीत यायला दलित आत्मकथनांची वाट पाहावी लागली. दंगल, जाळपोळ, बहिष्कार यांतून आलेले मूल आजही आपल्या वर्गात बसते. त्याला बोली सुधारायला सांगण्याआधी बोलू द्या. त्याने लिहिलेले त्याच्या परवानगीशिवाय कुणाला वाचून दाखवू नका. त्याला बक्षीस देण्याआधी त्याचा प्रश्न सोडवायला वर्ग उभा करा. आणि उद्या हजेरी घेताना ज्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहाल, त्या घराचा रस्ता विचारून घ्या.